लाल दोऱ्याच्या सात आमऱ्या

कालव्याकाठच्या समस्त रहिवाशांस, पादचाऱ्यांस, सायकलस्वारांस आणि गांधीलमाश्यांस अत्यंत गंभीरपणे कळविण्यात येते की, फोरबर्ग येथील रानटी आमऱ्यांची वार्षिक शिरगणती यंदा होणार नाही. मुख्य शिरगणती अधिकारी पूर्वसूचना न देता रजेवर गेल्या आहेत. रजा किती दिवसांची, याचा अर्जात उल्लेख नाही.

बघ कुंदा, अजून जमतं मला. तुला जाऊन एकोणीस दिवस झाले आणि मी अजून वाक्याला फेटा बांधूनच घराबाहेर काढते. तू असतीस तर म्हणाली असतीस, "उज्जू, नाटक पुरे, मुद्द्यावर ये." मुद्द्यावर यायला मला जवळजवळ सात वर्षं लागली. आले, तेव्हा तू उठून गेली होतीस.

आज जुलैचा तिसरा रविवार. सकाळी सवयीनं थर्मास भरला. दोन कप घेतले, एक परत ठेवला, पुन्हा घेतला. कालव्याकाठी बीच नावाच्या उंच झाडांखाली जाऊन उभी राहिले. कळ्या आल्यात. तू दाखवायचीस तशा, शेंडा खाली वाकवून. "फुलायच्या आधी मान खाली घालतात बिचाऱ्या," तू म्हणायचीस, "तालीम न करता स्टेजवर चढणाऱ्यांनी यांच्याकडून काहीतरी शिकावं." मी मोजल्या नाहीत. वही ईराकडे आहे, आणि तुझ्या लेकीकडे ती मागायची माझी हिंमत होत नाही.

आमरी म्हणजे ऑर्किड, हे मला तूच सांगितलंस. तुझ्या आग्रहाखातर इथेही आमरीच लिहिते आहे. ऑर्किड म्हटलं की लोकांना सुपरमार्केटमधली जांभळी कुंडी आठवते, याचा तुला कोण राग! तुझी आमरी तशी नव्हतीच. गुडघाभर उंच दांडा, शिरा उमटलेली रुंद पानं आणि फुलं... आपलं भांडण तिथेच पेटायचं.

"ही फुलं?" मी पहिल्यांदा तुझ्या मोबाइलवर बघून म्हटलं होतं. "कारलं परतायच्या आधी असतं ना, तसा रंग आहे गं."

"तू तरी कुठे गुलाब लागून गेलीस? तरी घेतेच ना घरात."

हे भांडण शेवटपर्यंत मिटलं नाही. ती सुंदर आहे असं मी एकदाही म्हटलं नाही. आता म्हणते. आता काय उपयोग, हेही मीच म्हणते.

हिमाचलच्या जंगलातली ती गोष्ट तू मला किती वेळा सांगितलीस, आणि मी दर वेळी पहिल्यांदाच ऐकत असल्यासारखा चेहरा केला. तू पंचविशीची. पाठीवर पिशवी, पायाला जळवा, सोबत एक वाटाड्या. चार दिवसांची चढण. देवदारांखाली दुपारीही संध्याकाळ असायची, पायाखाली सुयांसारख्या पानांचा इतका जाड थर की आपलंच पाऊल आपल्याला ऐकू येऊ नये. शेवाळलेले दगड, ओल्या लाकडाचा वास, आणि चौथ्या दिवशी धुकं जरा बाजूला झालं तिथे, उन्हाच्या एका तुकड्यात, ती. एकटीच. तू दिवसभर तिच्याजवळ बसून राहिलीस. वाटाड्याला वाटलं, बाई पूजा करतायत, म्हणून तो लांब जाऊन चप्पल काढून बसला.

मग तू हॉलंडात, लायडनला आलीस. नवा देश, कापल्यासारखी सपाट जमीन, आणि वाईची मुलगी तू, डोंगराशिवाय तुला दिशाच कळेना. पहिल्याच जुलैमध्ये इथे फोरबर्गला ट्रामची वाट बघत होतीस. थांब्यामागे झाडाखाली, बियरच्या रिकाम्या डब्याला खेटून, तीच उभी! जिच्यासाठी चार दिवस हिमालय चढलीस, ती ट्रामच्या थांब्यावर. इथे ती कुठेही उगवते, कुंपणाशी, फुटपाथच्या कडेला, आणि कुणी ढुंकून बघत नाही. तुला डच धड येत नव्हतं. तू शेजारी उभ्या असलेल्या एका उंच माणसाची बाही धरलीस आणि नुसतं बोट दाखवत राहिलीस. तो वाकला. त्यानं बघितलं. तुझ्या डोळ्यांत पाणी का आहे हे न विचारता तो म्हणाला, "पलीकडे कालव्याकाठी आणखी आहेत. दाखवू?"

तो हेंक. ड्यूटी संपलेला ट्राम-ड्रायव्हर. त्याची ट्राम आली आणि गेली, तुझीही गेली. तिथपासून अकरा वर्षं दर जुलैला तुम्ही दोघं गुडघ्यांवर बसून त्या झाडांखालच्या आमऱ्या मोजत राहिलात. तो मोठ्यांदा आकडा म्हणायचा, तू वहीत लिहायचीस. त्यातल्या सात तू खास निवडल्या होत्यास. त्यांच्या दांड्यांना लाल लोकरीचा दोरा बांधायचीस, दर वर्षी त्याच सात. हे मला मात्र तेव्हा ठाऊक नव्हतं. एखादी एखाद्या वर्षी जमिनीतून वर यायचीच नाही, आत मुळाच्या अंधारात पडून राहायची, तेव्हा वहीत तिच्या नावापुढे लिहायचीस, 'झोपली आहे.'

मला तू दर वर्षी बोलवायचीस. मी दर वर्षी कारण काढायची. गुडघा, पाहुणे, मंडळाच्या नाटकाची तालीम. अकरा वर्षांत मी एकदाही आले नाही. आले असते, तर पुढचं काही घडलंच नसतं.

आता मुद्दा. खुर्ची ओढून घे, कुंदा.

त्या अकराव्या वर्षीची हरितालिका सप्टेंबरात आली. आमच्या घरी सात जणी पूजेला येणार होत्या. पोथीत सोळा प्रकारची पत्री सांगितली आहे. बेल, आघाडा, रुई. यातलं एक पान या देशात सापडेल तर शपथ. त्यामुळे आम्ही इथे जे मिळेल ते पोथीच्या नावानं खपवतो. क्लोव्हरच्या तीन पानांचा बेल. आघाड्याच्या जागी खाजकुइलीची इथली बहीण, ती तोडताना तोंडातून जे निघतं त्याला मंत्र म्हणायचं. तर मी काठापदराची साडी नेसून, वर रेनकोट चढवून, सायकलवरून कालव्याकाठी निघाले. रात्रभर पाऊस पडून गेलेला. पंधरा प्रकार जमले. सोळावा मिळेना.

आणि मग मला ती दिसली. रुंद, शिरांची, देवघरात शोभतील अशी पानं. फुलं कधीच गळलेली, नुसत्या बारीक शेंगा लोंबत होत्या. आणि दांड्याला लाल दोरा.

आता तूच सांग, आपल्याकडच्या बाईला झाडाला बांधलेला लाल दोरा दिसला, तर तिला काय वाटेल? मला वाटलं, कुणीतरी मराठी बाई माझ्या आधी येऊन हळदकुंकू वाहून गेली. म्हणजे झाड पूजेचंच! मोजले. सात. घरी बायका सात. माझ्या अंगावर काटा आला, कुंदा, पार्वतीनं स्वतः मोजून ठेवल्यासारखे. मी नमस्कार केला आणि उपटल्या. माती इतकी मऊ होती की मुळासकट हातात आल्या.

तुझा आणि उपासाचा संबंध नव्हता. तू दर हरितालिकेला आमच्या स्वयंपाकघरात बसून, आम्हा उपाशी बायकांना दिसेल अशा बेतानं, चिवडा खायचीस. त्या संध्याकाळी दार उघडलं तर तू चिवडा मागितला नाहीस. गुडघ्यांना चिखल, मुठीत मुळाचा एक तुकडा.

"सातही गेल्या, उज्जू."

"कोण गेल्या?"

"माझ्या. दोरेवाल्या. कुणीतरी मुळासकट उपटून नेल्या. अकरा वर्षं गं..."

पलीकडच्या खोलीत आरती चालू होती. वाळूच्या पार्वतीपुढे तुझ्या सात आमऱ्या होत्या, दोऱ्यासकट. पूजेच्या खोलीत तू कधी पाऊल टाकायची नाहीस. मधे एक दार होतं आणि ते बंद होतं. तेव्हा सांगायला हवं होतं. तू शिव्या दिल्या असत्यास, आठ दिवस बोलली नसतीस, नवव्या दिवशी चिवडा खायला आली असतीस. मला हे सगळं माहीत होतं. पण तुझ्या मुठीतलं ते मूळ बघितलं आणि नटाला विसरलेल्या वाक्याच्या जागी भलतंच सुचावं तसं तोंडातून गेलं,

"ते हेंकचं कुत्रं उकरत नाही का गं कधीकधी?"

तू शास्त्रज्ञ. "पण बरोबर दोरेवाल्याच कशा?" असं लगेच विचारलंस.

"लोकरीला तुझ्या हाताचा वास असेल. पिमला तू किती आवडतेस!"

बघ, खोटं कसं एका दमात अंगानं भरलं. पिम तुझ्यावर जीव टाकायचा हे खरं होतं, त्यामुळे बाकीचंही खरं वाटलं. तू तशीच हेंककडे गेलीस. तो बिचारा म्हणाला, "पिम? असेलही. उकरतो खरा." तुझ्यादेखत त्यानं पिमला रागे भरलं. पण तू त्या दिवशी ऐकण्यातली नव्हतीस. कुत्र्याला मोकळं सोडणाऱ्या माणसाबरोबर मला मोजायचं नाही, म्हणालीस. आपल्याकडे असतं तर माणूस दुसऱ्या दिवशी पेढे घेऊन दारात उभा राहिला असता, तू दोनदा नाही म्हणाली असतीस, तिसऱ्यांदा चहा टाकला असतास. हेंकला तू येऊ नको म्हणालीस, तो आला नाही. त्याच्या लेखी तो तुझा मान राखत होता.

दुसऱ्या दिवशी उत्तरपूजा झाल्यावर ती पत्री मी हिरव्या कचऱ्याच्या डब्यात टाकली. झाकण लावलं. हात दोनदा धुतले.

पुढच्या जुलैला तुझ्याबरोबर मोजायला कोणी नव्हतं. मी आले. गुडघाही दुखला नाही, पाहुणेही आले नाहीत. हेंकच्या जागी मी बसले. आणि कुंदा, माझ्या आयुष्यातले सगळ्यात चांगले सहा रविवार ते. तू पोटावर पालथी पडून मला दाखवलंस की गांधीलमाश्या त्या कारल्याच्या रंगाच्या फुलातला मध पिऊन झिंगतात आणि पराग अंगाला चिकटवून लटपटत पुढच्या फुलावर जातात. मी म्हटलं, "मंडळाच्या पार्टीतून निघालेले आमचे नवरेच हे!" तू इतकी हसलीस की आकडा चुकला आणि सगळं पुन्हा मोजावं लागलं. दुसऱ्या वर्षी, सातांपैकी तीन जागी जमिनीतून कोंब वर आले. मुळाचा काहीतरी तुकडा खाली राहिला असणार. तू मातीवर हात ठेवून बसलीस, आणि वहीत लिहिलंस, 'जागी झाली.' तीनदा. मी झाडाआड जाऊन रडले. तुला वाटलं, मला अखेर वनस्पतिशास्त्राची गोडी लागली.

ते सहा रविवार हेंकचे होते. मी ते चोरले. आणि चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात ना, त्याहून पुढे गेले. 'कुत्रा आणि सात आमऱ्या' हा माझा खास किस्सा झाला. कोजागरीला, दिवाळीच्या फराळाला, कुणी "उज्ज्वलाताई, काहीतरी सांगा ना" म्हटलं की मी तो सांगायची, पिमचं भुंकणंसुद्धा काढून. तू समोर बसून हसायचीस. माझ्या चोरीवर मी तुझ्याच टाळ्या घेतल्या.

मग ही मार्चमधली बातमी. तुझ्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं तेव्हा तू विचारलंस म्हणे, "जुलैपर्यंत पोचेन का?" त्यांना वाटलं, तू भारतात जायचं विचारते आहेस. तसं जायचंही होतं. येत्या पावसाळ्यात हिमाचलला जाऊन मला ती डोंगरातली आमरी दाखवायची होती तुला. मी शूजसुद्धा घेतले होते. खोक्यात आहेत.

मेपासून तुझा पलंग खिडकीशी आला. मी रोज येऊन खेळ करायची. तीनदा ठरवून आले की आज सांगायचंच. पहिल्यांदा तू झोपलेली होतीस. दुसऱ्यांदा मी न्यायालयाचा प्रवेश म्हणून सुरुवात केली, "आरोपी हजर है!" आणि तू हसता हसता खोकायला लागलीस, नर्स धावत आली, मला बाहेर काढलं. तिसऱ्यांदा मी तोंड उघडायच्या आत तूच बोललीस.

"हेंकला बोलवावं का गं?"

"कशाला?"

"एका कुत्र्यापायी माणूस तोडला मी. लाज वाटते आता."

इथे माझं दुसरं पाप, कुंदा, आणि हे पहिल्यापेक्षा मोठं. हेंक आला असता तर बोलणं निघालं असतं. तारीख, पाऊस, लाल लोकर. मी घाबरले. म्हटलं, "बरी झालीस की बोलवू. आत्ता दमशील."

"बरी?" तू माझ्याकडे बघून हसलीस. "उज्जू, तुला खोटं बोलताच येत नाही."

इतकं चुकीचं वाक्य तू उभ्या आयुष्यात बोलली नसशील. चौथ्या दिवशी तू गेलीस. हेंक तिथून चार गल्ल्यांवर होता, आणि त्याला कुणी बोलावलं नाही.

निरोपाच्या दिवशी ईरानं मला बाजूला घेतलं. डोळे सुजलेले, पण पाठ तुझ्यासारखी ताठ. "मावशी, यू डू द फनी वन, ओके? आईला तेच हवं होतं." मी आठ मिनिटांचं लिहून आणलं होतं, माझ्या मोडक्या डचमध्ये, दोन पानं. माणसं साठेक असतील. तुझे लायडनचे सहकारी, आपली मंडळी, शेजारपाजार. तुझी पेटी मधोमध, जो तो जाताना एक फूल ठेवत होता. सगळ्यात मागच्या रांगेत हेंक. टाय लावून, एकटाच. पिम दोन हिवाळ्यांमागे गेला, हे मला कॉफीच्या रांगेत कुणीतरी सांगितलं.

पहिल्या पानावर ट्रामच्या थांब्याची गोष्ट होती. मी बाही धरण्याचा अभिनय केला. लोक हसले. हेंकही हसला, मग त्यानं चष्मा काढला आणि बराच वेळ तो पुसत राहिला. मी पान उलटलं. दुसऱ्या पानावर कुत्रा होता. भुंकणं कुठे काढायचं, तिथे मी समासात खूण केलेली होती.

मी त्या खुणेकडे बघत उभी राहिले. माझ्या डाव्या हाताला तू होतीस, लाकडाच्या आत. तुला आता काही सांगता येणार नव्हतं. तुझं ते आठ दिवसांचं रागावणं माझ्या वाट्याला कधीच येणार नाही, हे मला तिथे, त्या मायक्रोफोनपुढे पहिल्यांदा कळलं. साठ माणसं थांबली होती. ईरा मान हलवून धीर देत होती, बोल ना मावशी. मी पान उलटं करून खाली ठेवलं.

"कुत्रा नव्हता तो," मी म्हणाले. "मी होते. पूजेसाठी मीच उपटल्या. सातही. आणि तिनं विचारलं तेव्हा कुत्र्याचं नाव मी सांगितलं. हेंक, पिमनं काही केलं नव्हतं. तिला तुला बोलवायचं होतं. तेही मी होऊ दिलं नाही."

डच शब्द मागेपुढे झाले असतील, पण कळलं सगळ्यांना. ईराचा हात तोंडावर गेला. मला वाटलं, हेंक आता उठून निघून जाईल, आणि ते बरोबरच होईल. तो उठला खरा. सहा फूट चार इंच माणूस, उठायला त्याला वेळ लागला. पुढच्या खुर्चीची पाठ त्यानं दोन्ही हातांनी धरली. तुझ्या पेटीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. त्याचा चेहरा आधी पांढरा पडला, मग लालबुंद झाला, आणि त्या शांत, फुलांनी भरलेल्या खोलीत, मुलानं अन्याय झाल्यावर ओरडावं तसा तो मोठ्यांदा म्हणाला,

"पण मी तर पिमला मरताना माफ केलं होतं!"